एक शीट कमी आहे

परभणी स्टेशनबाहेरच्या ऑटोत मी पहिली चढले, की ऑटोवाल्या चाचांच्या चेहऱ्यावर बोहणी झाल्याची कळा येते आणि माझ्या चेहऱ्यावरची उतरते. “बसा मॅडम, लगेच निघतो.” या ‘लगेच’ला घड्याळ नसतं. शीट भरलं की लगेच.

मी पूर्णेच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सकाळी रेल्वेनं पूर्णा, संध्याकाळी परत परभणी, असं कित्येक वर्षांचं अपडाऊन. घर वसमत रोडला, काळ्या कमानीच्याही पुढं. स्टेशनवरून ‘पेशल’ ऑटो रोज परवडत नाही, म्हणून शेअर ऑटोत शीटवर जायचं. मुलगा पुण्यात असतो. माझं हे थांबणं ऐकून ऐकून कंटाळला आणि एकदा त्यानं मला शोधनिबंधच पाठवले. “आई, तुझ्या चाचांचा धंदा अमेरिकेत गणितानं चाललाय, वाच.” मी ते ऑटोतच वाचायला घेतले. वेळ होताच.

गोष्ट न्यूयॉर्कच्या टॅक्सींची आहे. 2011 या एका वर्षातल्या तिथल्या 15 कोटींहून जास्त टॅक्सी-फेऱ्यांची नोंद एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांच्या हाती आली: कोण कुठं चढलं, कुठं उतरलं, किती वाजता. माणसांची नावं अर्थातच नाहीत. पाओलो सांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये या आकड्यांचा अभ्यास छापला. कल्पना अगदी वधू-वर सूचक मंडळाची. प्रत्येक फेरी म्हणजे कागदावरचा एक ठिपका. दोन फेऱ्या एकाच गाडीत बसवल्या आणि दोघांनाही फारसा उशीर झाला नाही, तर त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारायची. मग या रेघांच्या जंजाळातून जास्तीत जास्त जोड्या लावायच्या. पत्रिका जमवण्यासारखंच, फक्त गुण छत्तीस नाहीत, मिनिटं आहेत. उत्तर असं आलं, की गाड्यांनी कापलेलं एकूण अंतर 40 टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकतं.

पुढं 2017 मध्ये एमआयटीतल्याच आणखी एका गटानं दोघांवर न थांबता एका गाडीत अधिक माणसं घेऊन पाहिली. न्यूयॉर्कला 13 हजारांहून जास्त टॅक्सी. त्यांचं 98 टक्के काम चार-चार माणसांच्या 3 हजार गाड्या करू शकतील, आणि माणसाला सरासरी तीन मिनिटंसुद्धा थांबावं लागणार नाही, असं संगणकावरच्या त्या प्रयोगात निघालं.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा ऑटोत बसून मला अकरा मिनिटं झाली होती आणि आम्ही दोघं होतो. दुसरा चाचांचा मेहुणा.

मेहुण्याचं काम सांगायला हवं, कारण ते कुठल्या निबंधात सापडत नाही. तो प्रवासी नाही. त्याला कुठंही जायचं नसतं. रिकाम्या ऑटोत कुणी बसत नाही. बसलं तर आपणच ताटकळू, हे सगळ्यांना कळतं. म्हणून कुणीतरी आधीच बसलेलं दिसावं लागतं. मेहुणा मांडीवर पिशवी घेऊन, प्रवासाला निघाल्याचा चेहरा करून बसतो, आणि चार शीटं झाली की चहा प्यायला उतरतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता त्याची दाद द्यावीशी वाटते. ‘तुमची गाडी दोन मिनिटांवर आहे’ असं मोबाइलवर दाखवणारं ॲप जो भरवसा विकतं, तोच हा पिशवीवर विकतो.

आता मुद्द्याचं. न्यूयॉर्कचं गणित परभणीत का चालत नाही? मुलाचं उत्तर तयार होतं: “तुमच्याकडं तेवढे लोक नाहीत.” अर्धं बरोबर आहे. त्याच 2017 साली आणखी एक निबंध आला. त्यात न्यूयॉर्कबरोबर सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर आणि व्हिएन्ना ही शहरं घेतली होती, आणि चारही ठिकाणी फेऱ्या जुळण्याची शक्यता जवळपास एकाच सूत्रानं वाढते असं दिसलं. त्या सूत्रात माणसांची संख्या आहे, शहराचा पसारा आहे, गाडीचा वेग आहे. आणि आहे माणसाची थांबण्याची तयारी, तीही साधी नाही, घनात. म्हणजे असं: थांबायची तयारी दुप्पट झाली तर तेवढ्या वेळात येणारी माणसं दुप्पट. शिवाय तेवढ्या वेळात गाडी दुप्पट लांब जाऊ शकते, म्हणजे चहूबाजूंनी चौपट इलाखा तिच्या कवेत येतो. बे चोक आठ. पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं थांबणारी माणसं असली, तर ती आठपट गर्दीच्या बरोबरीची!

वाचलं आणि चाचांकडं नव्यानं पाहिलं. आमच्या जिल्ह्यात माणसं विरळ, पण सबुरी भरपूर. ज्या साईबाबांचं जन्मस्थान पाथरी आपलं म्हणून सांगते, त्यांचा तो शब्दच आहे. मानवत रोड स्टेशनला उतरून पाथरीला जाणाऱ्या भक्तांनाही तो पहिल्यांदा ऑटोतच आठवत असेल.

पण सबुरी फुकट नसते. वर्गात मी आता हेच उदाहरण देते. समजा, दर चार मिनिटांनी एक माणूस येतो आणि गाडी सहा जणांची आहे. पहिला वीस मिनिटं थांबतो, दुसरा सोळा, मग बारा, आठ, चार. शेवटचा धावत येतो आणि गाडी निघते. सहा जणांचा मिळून बरोबर एक तास गेला, आणि त्यातला तिसरा हिस्सा एकट्या पहिल्याचा. भाडं मात्र सगळ्यांना सारखं. गाडी तीनच जणांची केली तर थांबणं मिळून बारा मिनिटांवर येतं, पण तेवढ्याच फेरीचे पैसे तिघांनी भरायचे, म्हणजे भाडं दुप्पट. वेळ द्या नाहीतर पैसे द्या, तिसरी वाट नाही. (तीन शिटांच्या परवान्यावर प्रत्यक्षात किती माणसं बसतात, ते मी इथं लिहीत नाही.) इस्तंबूलकरांनी तर अशा गाडीचं नावच ‘दोलमुश’ ठेवलंय. तुर्कीत त्याचा अर्थ ‘भरलेली’. आपल्याकडच्या ‘आपे’चं नाव मात्र इटालियन, अर्थ मधमाशी. ती बारामतीच्या कारखान्यातून येते आणि पोळं परभणीत लागतं.

आणखी एक गोष्ट चाचा करतात आणि ॲप करत नाही. ॲप दारात येतं. चाचा दारात येत नाहीत. माणसानं वसमत रोडवर, कमानीला, फाट्याला, पाटीला येऊन उभं राहायचं. गल्ल्यांमध्ये विखुरलेली माणसं एका रेषेवर आली की विरळ गावातही तेवढीच रेषा दाट होते. शेवटचं अंतर पायी. उन्हाळ्यात दुपारी ते किती लांब वाटतं, हे संशोधकाला विचारू नये, माझ्या गुडघ्यांना विचारावं.

कायद्याला हे सगळं नीटसं बसवता आलेलं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ऑटो किंवा टॅक्सी म्हणजे अख्खी गाडी एका करारावर घ्यायची. वाटेत एकेक माणूस चढवत-उतरवत जायचं ते बसनं. परिवहन प्राधिकरण शेअर मार्ग आणि दर ठरवून देतं तिथं प्रश्न मिटतो, एरवी लटकतो. गंमत म्हणजे 2017 मध्ये कर्नाटकच्या परिवहन खात्यानं ओला-उबरच्या शेअर फेऱ्यांवर हीच हरकत घेतली होती. केंद्रानं नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपच्या गाड्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शेअर फेरीत बाईला फक्त बायकांसोबतच बसायचा पर्याय हवा, असं म्हटलं होतं. चाचा हे काम तोंडी करतात. “मावशी, मॅडमकडं सरका. भाऊ, तुम्ही पुढं या माझ्यापाशी.” यात मावशी आणि भाऊ दोघांनाही कधी विचारलं जात नाही.

डिसेंबरातली एक संध्याकाळ. गाडी लेट, स्टेशनबाहेर थंडी, ऑटोत आम्ही चौघं: मी, एक आजी, तिचा नातू आणि बँकेतले एक गृहस्थ. मेहुणा घरी गेलेला. दोन शीटं कमी. वीस मिनिटं झाली तरी कुणी येईना, तेव्हा गृहस्थ म्हणाले, “दोन शिटाचे पैसे आपण वाटून घेऊ. काढा गाडी.” वीस रुपये शीट, म्हणजे प्रत्येकी दहा जादा. नातवाचे आजीनं कमरेच्या पिशवीतून काढले, कुरकुरत. ऑटो निघाला.

काळ्या कमानीपाशी कृषी विद्यापीठाच्या एका पोरानं हात केला. चाचांनी ब्रेक मारला. पोरगा दहा रुपये देऊन चाचांच्या शेजारी टेकला.

“आवं, ते शीट आमचंय,” आजी म्हणाली. “त्याचे पैसे आमाला द्या.”

चाचांनी आरशातून मागं पाहिलं. “दहाला चौघांत भागा मावशी. अडीच-अडीच रुपये आले. सुट्टे हायेत का कुणाकडं?”