आतला समतोल – लेखांक १४ : लघवी भरपूर, तरी रक्त तहानलेलं

इन्शुलिनबद्दल लिहिणार असं कबूल केलं होतं, पण ते आज नाही. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आणि आपण नुकतंच हातावेगळं केलेलं मूत्रपिंड पुन्हा टेबलावर आलं. त्यांच्या वसतिगृहात सातवीतला एक मुलगा आहे, सिकलसेलचा पेशंट. रात्री तीन-चारदा उठतो, कधी अंथरूणही ओलं होतं. त्यावर उपाय म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्याला पाणी द्यायचं नाही असं ठरलं आहे. बाई विचारतात, हे बरोबर आहे का?

नाही. पाणी आज संध्याकाळपासूनच सुरू करा, कारण नंतर वाचा.

डहाणू-तलासरीत सिकल नवा नाही. वारली, कोकणा, धोडी, दुबळा या समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि जिथे मलेरिया मुक्कामाला असतो तिथे तो का टिकून राहतो हे रक्तावरच्या लेखांकात झालं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बिघाड एवढाच. प्राणवायू सोडून दिला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू करतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. हा आजार रेणूचा आहे असं लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवलं. पुढे सात-आठ वर्षांत इन्ग्रॅम यांनी नेमकी जागाही शोधली.

पण तंतू कधी होतात? प्राणवायू कमी असेल तेव्हा, आजूबाजूला आम्लता असेल तेव्हा, आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन हिमोग्लोबिन दाट झालं असेल तेव्हा. तिसरी अट सगळ्यांत जबर. पेशी थोडीशी जरी आटली तरी तंतू व्हायला लागणारा वेळ कितीतरी पटींनी घटतो.

आता या तिन्ही अटी एकाच वेळी, चोवीस तास पाळणारी जागा शरीरात कुठे आहे? नियमित वाचकांनी ओळखलं असेल. मूत्रपिंडाचा आतला गाभा. तिथे रक्त मुद्दाम संथ आणि थोडं सोडलेलं असतं, म्हणून प्राणवायू तुटपुंजा. आम्लता जास्त. आणि क्षार इतके साठवलेले की बाहेरच्या रक्तात २९० मिलिऑस्मोल असताना तिथे १२०० पर्यंत. लघवीतलं पाणी परत खेचायला ही खाराट जागा लागतेच. हेअरपिनसारख्या नळ्यांची सगळी करामत मी दोन लेखांक रंगवून सांगितली ती तिच्यासाठीच. सिकलच्या पेशी त्या खाऱ्या गल्लीत शिरतात, आटतात, वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की गाभ्यातल्या वाहिन्या एकेक करून नष्ट होतात. पाणी वाचवण्यासाठी शरीरानं जी व्यवस्था उभारली, तीच सिकलच्या माणसात पहिल्यांदा मोडते. शरीरशास्त्रात याहून खिन्न करणारी गोष्ट मला ठाऊक नाही.

हिशेब करून पाहू. मोठ्या माणसाला रोज साधारण ६०० मिलिऑस्मोल कचरा लघवीतून बाहेर टाकावाच लागतो. निरोगी मूत्रपिंड लघवी १२०० पर्यंत दाट करू शकतं, म्हणजे पाण्याचा दुष्काळ पडला तर अर्ध्या लिटरात भागतं. सिकलच्या पेशंटची मजल जेमतेम ४००-४५० पर्यंत. त्याला तेवढ्याच कचऱ्यासाठी दीड लिटरच्या आसपास पाणी घालवावंच लागतं. पाणी प्या अगर नका पिऊ, हा दीड लिटर जाणारच. मेंदू तहान लावतो, पाणी वाचवणारं संप्रेरकही भरपूर सोडतो. पण ऐकणारा गाभाच उरलेला नाही. पाचनंतर पाणी तोडलं म्हणून मुलाची रात्रीची लघवी फारशी कमी होणार नाही. रक्त मात्र आटेल, आणि पहाटे हातपाय, कंबर नाहीतर छाती धरून तो रडत उठेल. अंथरूण ओलं होण्यात गाढ झोपेचाही वाटा असतो हे खरं, पण त्यावरही तहान हा इलाज नव्हे.

बाईंच्या पत्रात नसलेली एक गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची वाटते. आपण सगळे, आणि घाईत असलेले डॉक्टरसुद्धा, लघवीवरून पाण्याचा अंदाज बांधतो. पिवळी आणि थोडी असेल तर पाणी कमी; पांढरी आणि भरपूर असेल तर काळजी नको. सिकलच्या पेशंटला हा नियम लावायचा नाही. जुलाबांनी कोरडं पडलेलं मूलही स्वच्छ, पाण्यासारखी लघवी करत राहतं आणि आई म्हणते, ‘लघवी तर होतेय.’ त्या मुलाची जीभ बघा, डोळे बघा, वजन करा.

आणि इथली हवा. हवामान खात्याच्या तक्त्यात डहाणूचा उन्हाळा नागपूरपुढे किरकोळ दिसतो. पण किनाऱ्यावरची हवा आधीच ओली असते. घाम सुकत नाही, नुसता गळतो. म्हणजे गारवा मिळत नाही आणि पाणी तेवढं जातं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, नाहीतर गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्या तरुणांत सिकलचे पेशंट असतात आणि वाहकही असतात. वाहकाला सहसा काही होत नाही, त्याला आजारी समजू नये. पण लघवी दाट करण्याची त्याचीही ताकद वयाबरोबर थोडी घटते, आणि भर उन्हात न थांबता मेहनत केली तर त्यालाही धोका असतो. संध्याकाळची ताडी पाण्याच्या हिशेबात धरू नये. दारूचा अंश पाणी वाचवणाऱ्या संप्रेरकाला दाबतो. प्यालेलं बरंचसं लगेच बाहेर. ताजी, न आंबलेली नीरा वेगळी. ती आवडते म्हणून तिची बाजू घेतोय असं समजायला हरकत नाही.

थंडीचंही सांगून टाकतो, कारण वसतिगृहात पहाटे गार पाण्याची आंघोळ असते. गारठ्यानं कातडीजवळच्या वाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळतं आणि पेशींना वाकायला सवड मिळते. या मुलांना कोमट पाणी द्यावं. हे लाड नव्हेत.

मूत्रपिंडाचं हे नुकसान लहानपणी काही अंशी परतवता येतं. लहान मुलांना निरोगी रक्त भरल्यावर लघवी दाट करण्याची ताकद परत आल्याचं १९५०च्या दशकातच दिसलं होतं. किशोरवयानंतर ती येत नाही. केवळ यासाठी कुणी रक्त भरत नाही आणि भरूही नये. पण सिकल लवकर कळणं का महत्त्वाचं, ते यावरून समजावं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुखण्याचे झटके कमी करतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नेमानं घ्यायचं असतं.

तेव्हा बाईंना आणि सगळ्या अधीक्षकांना विनंती. त्या मुलाच्या उशाशी भरलेली बाटली ठेवा, वर्गातून लघवीला जायला परवानगी मागायची वेळ त्याच्यावर आणू नका, रात्रीसाठी संडासाजवळची खाट द्या आणि गादीवर रबरी चादर घाला. ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, कारण सिकलच्या मुलात प्लीहा निकामी होत जाते आणि साधा वाटणारा ताप रक्तात जंतू पसरल्याचा असू शकतो. बाकीच्या मुलांची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्टसाठी विचारा. त्या नळीतलं पाणी गढूळ झालं तर सिकल आहे एवढंच कळतं. मूल वाहक आहे की पेशंट, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच ठरतं. ती झाल्याशिवाय कुणाच्या नावापुढे काही लिहू नका.