दोन कान, एक मन

आमचे हिंगणघाट कापसाचे गाव. परवा बाजारातून धाकट्या बंधूंचा फोन आला. भाव चढला की पडला, ते मी उजव्या कानाने ऐकत होतो. डाव्या बाजूला उभी राहून कन्या काहीतरी सांगत होती आणि मी 'हो, हो' म्हणत होतो. फोन ठेवताच तिने विचारले, "बाबा, मी काय म्हटलं?" मला एक शब्दही सांगता येईना!

'या कानाने ऐकावे, त्या कानाने सोडावे' असे आपण म्हणतो. पण बिचाऱ्या कानाचा दोष नसतो. १९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळी भाषणे ऐकवली आणि त्यांतले एकच मोठ्याने म्हणायला लावले. दुसऱ्या कानात पुरुष बोलतो की स्त्री, हे कळे. मजकूर मात्र कळत नसे.

१९६१ साली कॅनडात डोरीन किमुरा यांना आढळले, की दोन कानांत वेगवेगळे आकडे ऐकवले तर उजव्या कानातले अधिक ध्यानात राहतात. बहुतेकांचे भाषाकेंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते, आणि उजव्या कानाची वाट तिकडे अधिक थेट जाते.

आपले नाव मात्र कधीकधी पहारा चुकवते! १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात श्रोत्याचे नाव घातले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आले.

कन्येला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग तुम्हांला नावाने हाक मारू?"

मी हसलो आणि तिच्याकडे वळून बसलो. वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता.