विंझरची नखपरीक्षा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दर वर्षी एक प्रश्न हमखास निघतो : "या बुटांचे करायचे काय?" प्रश्न सौ.चा असतो आणि बूट माझे. सात वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने डोंगरात घालायचे परदेशी बनावटीचे बूट घेतले होते. जलाभेद्य, म्हणजे थेंबभर पाणी आत शिरणार नाही असे. किंमत बारा हजार रुपये. मराठीच्या प्राध्यापकाने पायात बारा हजार घालून हिंडावे, हे आमच्या आळीत कुणालाच पटण्यासारखे नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. म्हणून मी ते घातलेच नाहीत! एकदा पर्वतीवर नेऊन आणले, एकदा सिंहगडावर नेले, आणि मग स्वच्छ पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिले. चांगली वस्तू जपून ठेवावी, हा आपला मध्यमवर्गाचा कुळाचार.

यंदा तो प्रश्न निघाला नाही.

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरला उजवीकडे वळून वेल्ह्याकडे निघाले, की वाटेत विंझर लागते. राजगड आणि तोरणा या दोन थोरल्या गडांच्या शेजारचे हे गाव. भाताची खाचरे, पावसाळ्यात चारी बाजूंनी खळाळणारे ओढे, आणि ढग उतरले की दहा पावलांवरचे माणूस दिसू नये असा मुलूख. माझा एक जुना विद्यार्थी तिथला. "सर, श्रावणात या. गड पावसातच बघायचा," असा त्याचा अनेक वर्षांचा आग्रह. यंदा कन्या कॉलेजात गेली, तिलाही राजगडाची ओढ लागली, आणि बापलेक दोघे विंझरला जाऊन थडकलो.

विद्यार्थ्याचे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, आमच्याबरोबर गडावर यायचे होते. वय पासष्टीच्या पुढे; पायात नाक्यावरच्या दुकानातले साधे रबरी जोडे. निघण्यापूर्वी पडवीत त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. कन्येचा बूट उचलला, उलटा केला आणि तळव्यात अंगठ्याचे नख दाबले. नखाची खूण उमटली. "ही पोर चालंल," ते म्हणाले. मग माझा बूट घेतला. नख सरकले, खूण काही उमटली नाही.

"सर, ह्ये पायतान वल्या दगडावं टिकायचं न्हाई."

कन्येचे बूट नऊशे रुपयांचे होते. मी हसलो आणि आबांना माझ्या बुटातील शास्त्र समजावून सांगितले. वर्गात चाळीस मिनिटे बोलण्याची सवय. तिथे दहाच मिनिटे घेतली. आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सुतळीचा एक लहानसा गुंडा खिशात टाकला.

पहिला ओढा गुडघाभर होता. जलाभेद्य बुटात पाणी शिरत नाही हे खरे; पण पाणी वरून, घोट्याकडून आले, तर ते काय करील? आत आलेले पाणी मग बाहेरही जात नाही! पायात दोन भरलेले तांबे बांधून मी पाली दरवाज्याची वाट चढलो. कन्येच्या बुटातले पाणी पावलागणिक पिचकारीसारखे बाहेर उडत होते आणि ती खुशाल पुढे जात होती. चढ तसा पार पडला. वर पद्मावती माचीवर भाकरी खाल्ली, आणि ढग दाटून येताच उतरायला लागलो.

पायऱ्यांवर पाण्याचा पाट वाहत होता. कन्या पुढे, मी मागे. निम्म्या वाटेवर माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि मगरीच्या जबड्यासारखा उघडला. तो दुमडून पायाखाली आला, आणि मी जो घसरलो तो थेट कन्येच्या पाठीवर. ती वाटेच्या कडेला भेलकांडली, कडेवरून खाली गेली आणि दिसेनाशी झाली. धुक्यात कारवीची फांदी मोडल्याचा आवाज तेवढा आला.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. "बाबा, मी इथंच आहे," असे खालून ऐकू आले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन पुरुष खाली, कारवीच्या जाळीत ती अडकली होती. तिचा तळहात चांगलाच सोलवटला होता. जाळीच्या पलीकडे काय होते, ते धुक्यामुळे दिसले नाही. आणि बरेच झाले दिसले नाही ते.

आबांनी तिला हात देऊन वर घेतले. मला एक शब्द बोलले नाहीत. खाली बसून सुतळीने माझ्या बुटाचा तळ करकचून आवळला, गाठ वरच्या बाजूला घेतली आणि म्हणाले, "आता हळू चाला, सर." बारा हजारांचे बूट सुतळीवर विंझरला परत आले.

संध्याकाळी चुलीपाशी बूट नीट पाहिला. तळ आणि वरचे अंग यांच्यामधला मऊ थर शिळ्या अनारशासारखा भुगा होऊन पडत होता. पुण्याला परतल्यावर रसायनशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, "हे पॉलियुरेथेन. हवेतला ओलावा शोषून ते हळूहळू आतून तुटत जाते. बूट घाला नाहीतर ठेवून द्या. आणि प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडलात, मग तर विचारूच नका." म्हणजे मी सात वर्षे जपत होतो ती वस्तू जपण्यानेच संपत होती. शिवाय जुने रबर कडक होते. आबांच्या नखाला ते समजले, मला समजले नाही.

यात बुटांच्या जातीचाही दोष नाही. एखादी वस्तू एका मुलखासाठी केलेली असते आणि आपण ती दुसरीकडे वापरतो. इटलीत मिलानच्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा सोबती 1935 साली आल्प्समधील पुंता रसिका या शिखरावर दगावले. खडकासाठी घातलेले हलके बूट हिमवादळात निरुपयोगी ठरले होते. त्या दुःखातून ब्रामानीने मोटारीच्या टायरसारखा खोल नक्षीचा रबरी तळ 1937 साली बाजारात आणला. त्याच्याच नावावरून त्याला 'व्हिब्रम' म्हणतात. पुढे 1954 साली के-टू शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियन वीरांच्या पायात तोच तळ होता. जलाभेद्य पडद्याची कथा 1969 सालची. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा तापवलेला दांडा झटक्याने ताणला आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ मिळाला. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रे फार लहान, पण घामाच्या वाफेला पुरेशी मोठी. युक्ती नामी खरी. पण वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा कोरडी लागते. श्रावणात विंझरची हवाच पाण्याने तुडुंब भरलेली, तिथे वाफ जाणार कुठे?

आपल्याकडे घोंगडी का टिकली, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. घोंगडी भिजते, पण भिजली तरी ऊब देते, आणि आडव्या बांबूवर टाकली की निथळते. सह्याद्रीच्या पावसात पाऊल कोरडे राहणार नाही हे एकदा मान्य केले, की बूट निवडणे सोपे होते. पाणी अडवणारा नव्हे, लवकर सोडणारा बूट हवा. आणि तळ असा हवा की शेवाळलेल्या काळ्या कातळावर चिकटून राहील. आमच्या पिढीतल्या कितीतरी भटक्यांनी हंटरचे कापडी बूट आणि पुढे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे जोडे घालून गड पालथे घातले, ते उगाच नव्हे.

गेल्या महिन्यात कन्येला घेऊन लक्ष्मी रस्त्यावर गेलो. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडे फुगतात आणि सकाळी बेतशीर बसलेला बूट उतारावर छळतो. घरून जाड लोकरी मोजे नेले होते; सुती मोजे ओले झाले की फोड आणतात. दुकानदाराने प्रथम पुन्हा एक जलाभेद्य जोडच पुढे केला. मी बूट उलटा केला आणि नख दाबले. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. चार जोड नापास झाले, पाचव्यावर खूण उमटली. मग पुढे अंगठाभर जागा सोडून टाच हलत नाही ना, ते पाहिले. जागा नसेल तर उतरताना बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. तळाच्या कडेला नुसता चिकटवलेला सांधा नको, शिवणही हवी, म्हणजे पुढेमागे आपल्या कोपऱ्यावरच्या मोच्याकडून दुरुस्ती होईल. हे सारे तेवीसशे रुपयांत बसले.

रोजच्या वापराचा प्रश्न तेवढा राहिला. सौ.ची इच्छा अशी, की हेच बूट कॉलेजातही चालावेत. चालतात, पण एक सांगून ठेवतो. मातीत रुतणारी खोल नक्षी गुळगुळीत ओल्या फरशीवर उलट घात करते, कारण फरशीला रबर टेकते फार थोडे. परवा कॉलेजच्या जिन्याखाली, विद्यार्थ्यांच्या देखत, मी याचा प्रयोग करून दाखवला आहे. शहरातल्या पावसात मात्र, जिथे पाणी घोट्याच्या वर येत नाही, तिथे जलाभेद्य बुटाला माझी हरकत नाही. एस.टी.च्या रांगेत उभे राहायला तो उत्तम. ज्यांना दोन जोड परवडतात त्यांनी दोन घ्यावेत. आम्हाला एकच परवडतो, म्हणून मी फरशीवर जपून चालतो.

आणि हे बूट कपाटावर चढत नाहीत. ओले झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवतो. हेही आबांचेच शिक्षण. त्या रात्री मी ओले बूट चुलीजवळ सरकवले, तेव्हा त्यांनी काठीने ते मागे ओढले होते. "जाळाजवळ ठेवलं की इखरतंय, सर. त्येला वारा द्या."

निघताना ते तुटके बूट तिथेच टाकून द्यावेत, असे मी म्हणालो. आबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"बाकी कामाचं न्हाई काय," ते म्हणाले, "पर नाड्या झ्याक हायती. तेवढ्या ठिवून जावा."

दसऱ्यानंतर पुन्हा विंझरला गेलो होतो, नवे बूट घालून. कन्येच्या तळहातावरचा व्रण आता फिकट झाला आहे. आबांच्या गोठ्यात नवे वासरू होते आणि त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले होते. घुंगराची दोरी लाल-करड्या रंगाची, परदेशी बनावटीची होती.