कपाळावरची राख

भस्म बुधवारी वसईच्या चर्चमध्ये धर्मगुरूंचा अंगठा कपाळाला टेकतो आणि राखेचा लहानसा क्रूस उमटतो. ही राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. घरात क्रुसामागे खोचलेली, वाळून पिवळी पडलेली झावळी चर्चमध्ये परत येते आणि जाळली जाते. जयजयकारासाठी हाती धरलेली झावळीच पश्चात्तापाची खूण होते, हे मला फार मोलाचे वाटते.

इथून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात 46. रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की उरतात 40, येशूने अरण्यात उपवास केला तेवढे. नियम तसे सौम्य आहेत. भस्म बुधवारी आणि गुड फ्रायडेला 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचे, मांस टाळायचे. मासे चालतात.

पण ताट हलके केले म्हणजे प्रायश्चित्त झाले, असे नाही. उपवासाला प्रार्थना आणि दानाची जोड हवी. वाचलेला घास गरजूच्या घरी पोहोचला पाहिजे, अबोला धरलेल्या भावाच्या दारात जायला पाहिजे. अवघड असते ते हेच. मग पापनिवेदन: आपल्या चुका आडपडदा न ठेवता सांगायच्या, क्षमा घ्यायची, कोणाचे काही घेतले असेल तर परत करायचे. धर्मगुरूंनी तिथे ऐकलेले कधीच बाहेर जात नाही.

ईस्टरच्या जागरणाच्या रात्री हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन हीच माणसे बाप्तिस्म्याची वचने नव्याने देतात.