बर्ट ट्राउटमान : युद्धकैदी ते मँचेस्टरचे लाडके गोलरक्षक

इंग्लंडच्या मैदानांवर परदेशी खेळाडू दिसले तर आज कोणालाच नवल वाटत नाही. मात्र ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटी या क्लबने एका जर्मन गोलरक्षकाशी करार केला, तेव्हा शहरात संतापाची लाट उसळली. महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती आणि जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या जखमा अजून ओल्या होत्या. सुमारे २० हजार लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरल्याचे सांगितले जाते. पंधरा वर्षांनंतर त्याच शहराने या गोलरक्षकाला साश्रू निरोप दिला. हे परिवर्तन कसे घडले?

बर्नहार्ड ट्राउटमान यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी ब्रेमेन येथे झाला. त्यांचे बालपण नाझींच्या बालसंघटनेत गेले. १९४१ मध्ये ते स्वेच्छेने हवाई दलात भरती झाले आणि पुढे छत्रीधारी सैनिक म्हणून पूर्व आघाडीवर लढले. ‘आयर्न क्रॉस’ हे शौर्यपदकही त्यांना मिळाले. युक्रेनच्या जंगलात ज्यूंची सामूहिक हत्या त्यांनी लपून पाहिली होती. १९४५ मध्ये ते ब्रिटिशांच्या हाती लागले. ते सामान्य शिपाई होते असे म्हणून हा इतिहास सौम्य करता येत नाही. ब्रिटिशांनीही त्यांची गणना आरंभी कट्टर नाझी कैद्यांतच केली होती.

लँकेशायरमधील अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणीत कैद्यांचे फुटबॉल सामने होत. एका सामन्यात दुखापत झाल्याने ट्राउटमान यांनी गोलरक्षकाशी जागा बदलली आणि ती जागा त्यांची कायमची झाली. ‘बर्नड’ हे नाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते ‘बर्ट’ झाले. १९४८ मध्ये मायदेशी परतण्याची संधी त्यांनी नाकारली. शेतमजुरी आणि न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचे काम करत ते सेंट हेलेन्स टाउन या छोट्या क्लबकडून खेळू लागले. सिटीची नजर त्यांच्यावर पडली ती तिथेच.

विरोध ओसरण्यामागे दोन व्यक्तींचा मोठा वाटा होता. संघनायक एरिक वेस्टवुड नॉर्मंडीत जर्मनांशी लढलेले होते. या खोलीत युद्धाला स्थान नाही, असे सांगून त्यांनी ट्राउटमान यांचे स्वागत केले. दुसरे होते मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू डॉ. अलेक्झांडर आल्टमान. नाझींमुळे १९३८ मध्ये त्यांना बर्लिन सोडावे लागले होते आणि त्यांचे आईवडील ज्यूंच्या संहारात बळी पडले होते. एका देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नये, असे आवाहन त्यांनी वृत्तपत्रातून केले. ज्याला सूड मागण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्यानेच न्यायाची बाजू घेतल्यावर इतरांचा विरोध दुबळा पडत गेला.

उरलेले काम खेळाने केले. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध प्रेक्षकांनी त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार केला. सिटीचा ०–१ असा पराभव झाला. पण त्यांनी इतके गोल वाचवले की शेवटी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांची आणखी एक खासियत होती. चेंडू लांबवर भिरकावून देण्याऐवजी ते तो हाताने अचूक फेकून सहकाऱ्याकडे पोचवत आणि तिथूनच संघाची चढाई सुरू होई. डॉन रेव्ही यांच्याभोवती बेतलेल्या सिटीच्या डावपेचांना याची मोठी मदत झाली.

५ मे १९५६ रोजी वेम्ब्लीवर एफए चषकाचा अंतिम सामना बर्मिंगहॅम सिटीशी झाला. सुमारे १७ मिनिटे उरली असताना पीटर मर्फी यांच्याशी झालेल्या धडकेत ट्राउटमान बेशुद्ध पडले. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. असह्य वेदनेत ते गोलसमोर उभे राहिले, आणखी गोल वाचवले आणि सिटीने ३–१ असा विजय मिळवला. चार दिवसांनी काढलेल्या क्ष-किरण चित्रात मानेचे पाच मणके सरकल्याचे आणि त्यांपैकी एक दुभंगल्याचे दिसले. तिसरा मणका दुसऱ्यात रुतून बसला नसता, तर ते जिवंत राहिले नसते. मोडलेल्या जबड्यावर पट्टी बांधून अँटिग्वात गोलंदाजी करणारे अनिल कुंबळे भारतीय वाचकांना इथे आठवतील. त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल लेखकांनी त्यांना सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवले. हा मान मिळवणारे ते पहिले गोलरक्षक होते.

या यशाला दुःखाची किनारही होती. अंतिम सामन्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मोटार अपघातात दगावला. परदेशी क्लबमध्ये खेळत असल्याने पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे दार त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही. जो देश सोडला त्याने निवडले नाही आणि जिथे स्थायिक झाले तिथे आधी स्वतःला सिद्ध करावे लागले, हा अनुभव अनेक स्थलांतरितांना ओळखीचा वाटेल.

सिटीसाठी ५४५ सामने खेळून ते १९६४ मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांनी ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान अशा देशांत प्रशिक्षण दिले. ब्रिटन व जर्मनी यांच्यातील सलोख्यासाठी २००४ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा मानद किताब मिळाला. १९ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मोडलेल्या मानेची कथा आजही सर्वत्र सांगितली जाते. तिच्याइतकेच १९४९ मधील आल्टमान यांचे आवाहनही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. त्याशिवाय ट्राउटमान वेम्ब्लीपर्यंत पोचलेच असते, असे सांगता येत नाही.