सुधार कोणाचा? मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची पस्तीस वर्षे

मुंबई महानगरपालिकेच्या वैधानिक समित्यांमध्ये 'सुधार समिती' नावाची एक समिती आहे. पालिकेच्या मालकीच्या जमिनी, त्यांचे भाडेपट्टे, भूखंडांची आरक्षणे असे विषय तिच्यापुढे येतात. शहर सुधारणे हेच जर महापालिकेचे काम, तर त्यासाठी आणखी वेगळी सुधार समिती कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत आहे. शहराची सुधारणा लोकनियुक्त नगरसंस्थेच्या हातून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे देण्याचा प्रयोग तेव्हा मुंबईत झाला. या समितीचे नाव म्हणजे त्या प्रयोगाची मागे राहिलेली खूण आहे.

मुंबईच्या नगरसंस्थेला आधुनिक रूप आले ते १८६५ च्या कायद्याने. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्यांनी कामाचा धडाका लावला, पण खर्चाचा मेळ बसेना आणि करदाते संतापले. त्या असंतोषातून १८७२ चा कायदा आला. चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या बहात्तर झाली. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही लागू आहे. त्याची मूळ रचना अशी, की धोरण व पैसा कॉर्पोरेशनच्या हाती आणि अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हाती. कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत आणि कलम ६३ मध्ये ऐच्छिक.

या रचनेत एक उणीव होती. मतदार होते करदाते, आणि करदात्यांमध्ये वजन होते घरमालकांचे. १८६० मध्ये विहारचे, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. पण ते पाणी वाहून नेणारी गटारे त्या वेगाने झाली नाहीत. गिरण्यांमुळे आणि बंदरामुळे माणसे येत राहिली. मांडवी, चकला, उमरखाडी, कामाठीपुरा इथल्या घरांवर मजले चढत गेले आणि खोल्यांच्या आत खोल्या पडत गेल्या. त्यातली भाड्याची मिळकत ज्यांच्या खिशात जात होती, त्यांच्याकडून या दाटीला आळा घालणारे कडक नियम होणे अवघडच होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ते स्वतः कॉर्पोरेशनचे सभासद होते. काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. मार्च १८९७ मध्ये सरकारने प्लेगनिवारणाचे काम पालिकेकडून काढून ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिले. पालिकेला बाजूला सारून काम करण्याचा पायंडा इथे पडला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ वर आली. वाढण्याचीच सवय असलेल्या शहराला ही घट हादरवणारी होती.

गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत १८९८ साली 'सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट अ‍ॅक्ट' मंजूर झाला आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. त्याच्या विश्वस्तांपैकी काही कॉर्पोरेशनने निवडून द्यायचे होते. चेंबर ऑफ कॉमर्स आणि पोर्ट ट्रस्ट यांनाही प्रतिनिधित्व होते. बाकीचे पदसिद्ध अधिकारी किंवा सरकारने नेमलेले. शहरातल्या सरकारी व पालिकेच्या अनेक मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे सोपवण्यात आल्या. कर्ज उभारण्याचे आणि सक्तीने जमीन संपादन करण्याचे अधिकार त्याला मिळाले. कॉर्पोरेशनने मात्र दरवर्षी त्याला वर्गणी द्यायची. ज्या कामावर आपले नियंत्रण नाही त्याचा भार आपण उचलायचा, ही तक्रार पालिकेच्या सभागृहात पुढे वर्षानुवर्षे होत राहिली.

सरकारची बाजूही पोकळ नव्हती. घरमालकांचे वर्चस्व असलेले सभागृह घरमालकांच्याच इमारती पाडणार नाही, हा युक्तिवाद अनुभवाला धरून होता. पण ट्रस्टच्या कामाचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही तपासावी लागते.

रोगाचे मूळ कोंदट हवेत आणि ओलसर जमिनीत आहे, हा त्या काळचा प्रबळ समज होता. म्हणून पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा असे रस्ते आखले गेले. आजचा शामलदास गांधी मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही असलेला प्रिन्सेस स्ट्रीट, आणि आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड, हे त्याच विचाराचे फलित. रस्त्याला लागेल त्यापेक्षा रुंद पट्टा संपादन करायचा आणि दुतर्फा तयार झालेले भूखंड चढ्या भावाने भाडेपट्ट्याने देऊन खर्च भरून काढायचा, ही त्यामागची अर्थव्यवस्था. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड-वाऱ्यासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. त्याचा सोपा अर्थ असा, की समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

गंमत अशी, की ज्या वर्षी ट्रस्टचा कायदा झाला त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे प्रयोगाने दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तोवर वाऱ्यासाठी रस्ते फोडण्याचे काम सुरू झाले होते. उजेड आणि वारा माणसाला हवाच. पण पाडापाडीत विस्थापित झालेले कुटुंब जर शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोलीत शिरणार असेल, तर दाटी फक्त जागा बदलते. इतिहासकार प्रशांत किदंबी यांनी मुंबईच्या नागरी कारभाराच्या अभ्यासात नेमके यावर बोट ठेवले आहे.

इथे भरपाईचा नियम समजून घेणे आवश्यक आहे. संपादनाचा मोबदला मालकाला मिळे आणि इमारतीची किंमत मुख्यतः तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. म्हणजे जितकी दाटी तितके भाडे आणि जितके भाडे तितकी भरपाई. सर्वांत वाईट इमारत सर्वांत महाग पडे. ट्रस्टचा पैसा त्यात अडके आणि गरिबांसाठी घरे बांधायला हात आखडता घ्यावा लागे. भाडेकरूच्या पदरात मात्र काही पडत नसे.

ट्रस्टने चाळी बांधल्या हे खरे. आग्रीपाडा, माझगाव, डोंगरी इथे 'बीआयटी चाळी' हे नाव आजही चालते. परळच्या पोयबावडीतल्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे सुमारे दोन दशके बिऱ्हाड होते. दोन खोल्यांत संसार, अभ्यास आणि सार्वजनिक कार्य त्यांनी एकत्र केले. या चाळींनी हजारो कष्टकऱ्यांना पक्के छप्पर दिले. पण पाडापाडी आधी आणि बांधणी मागून, शिवाय नव्या खोलीचे भाडे परवडायला हवे. ज्याचे घर पाडले तोच नव्या चाळीत राहायला जाईल, अशी खात्री नव्हती.

तिसरे मोठे काम उत्तरेला झाले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागातली शेते आणि सखल जमिनी संपादून ट्रस्टने रस्ते, बागा आणि भूखंड आखले. ट्रस्टमधलेच अभियंता मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी आली. माटुंग्यात दाक्षिणात्य मध्यमवर्ग स्थिरावला. निखिल राव यांनी या उपनगराचा इतिहास सविस्तर लिहिला आहे. मुंबईच्या नगररचनेतले हे एक उत्तम काम आहे यात शंका नाही. फक्त त्याचा लाभ मांडवीच्या हमालाला झाला नाही.

घरमालकाला कॉर्पोरेशनमध्ये आवाज होता, व्यापाऱ्याला आणि सरकारला ट्रस्टमध्ये. ज्याची खोली पाडली जाई त्या भाडेकरूला दोन्हीकडे जागा नव्हती. ट्रस्टच्या मर्यादांचे मूळ मला इथे दिसते. १९२२ मध्ये पालिकेचा मताधिकार भाडेकरूंपर्यंत पोहोचू लागला. १९२५ च्या कायद्याने ट्रस्टचे हस्तांतर सुरू झाले आणि १९३३ मध्ये तो पालिकेत विलीन झाला. त्याच्या जमिनी, चाळी व भाडेपट्टे पालिकेकडे आले आणि त्यांच्या देखरेखीसाठी सुधार समिती आली. प्रौढ मताधिकार यायला १९४८ उजाडले.

प्रयोग मात्र संपला नाही. १९२० मध्ये सरकारने थेट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला बीडीडी चाळी बांधल्या. नागपुरात १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास आला. तिथे महापालिका आणि प्रन्यास यांच्या हद्दीचा वाद नागरिकांना परका नाही. मुंबईत पुढे एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ आले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले, तरी शहरातली मोठी कामे बहुतेक या मंडळांकडेच राहिली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर खुद्द महापालिकाही साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती.

प्रत्येक वेळी कारण तेच दिले जाते: निवडून आलेल्यांकडून काम उरकत नाही, हितसंबंध आड येतात. १८९८ मध्ये त्यात तथ्य होते, आजही कधी कधी असते. पण ट्रस्टच्या पस्तीस वर्षांतून एवढे तरी दिसते, की हितसंबंध टाळण्यासाठी नेमलेले मंडळ हितसंबंधांपासून मुक्त नसते. त्याचे हितसंबंध वेगळे असतात आणि त्याला जाब विचारण्याची जागा नसते. सभागृहात घरमालकांचे प्राबल्य होते तर त्यावरचा उपाय भाडेकरूला सभागृहात आणणे हा होता. तो उपाय करायला या शहराने पन्नास वर्षे घेतली. आज एखादी जुनी चाळ पुनर्विकासाला निघते तेव्हा कागदावर रहिवाशांची संमती लागते, भाडेकरूला बदली घराचा हक्क असतो. हा हक्क ट्रस्टच्या काळातल्या खोलीधारकाकडे नव्हता. तो कुठल्याही मंडळाने आपणहून दिलेला नाही. ज्याला मत मिळाले त्याने तो मिळवला आहे.