सर, देव खरंच आहे का?

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. कधी विश्वाच्या उत्पत्तीचा विषय निघाल्यावर, कधी उत्क्रांती शिकवताना, तर कधी परीक्षेच्या आदल्या दिवशी. आपण शिक्षक बहुधा दोनपैकी एक वाट धरतो. ‘तो श्रद्धेचा विषय आहे’ असे म्हणून पान उलटतो, नाहीतर स्वतःचे मत सांगून मोकळे होतो. दोन्ही वाटांनी विचारणाऱ्या मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही. प्रश्न विज्ञानाच्या तासाला आलाच आहे, तर त्याचा जेवढा भाग विज्ञानाच्या पद्धतीने सोडवता येतो तेवढा सोडवून पाहू.

प्रथम ‘देव’ म्हणजे काय ते ठरवावे लागेल, आणि ते वाटते तितके सोपे नाही. भंडारा जिल्हाच घ्या. वैनगंगेच्या काठी पवनी गावी १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडीखालचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या एका खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. नागाच्या छत्राखाली आसन आहे, पण आसनावर कोणी नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, रिकामे आसन हीच त्याची खूण. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी श्रद्धेने हा स्तूप उभारला, आणि ती श्रद्धा अशा विचारावर होती की ज्यात जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला जागाच नाही. कारण असेल तर कार्य घडते, कारण नाहीसे केले तर कार्यही थांबते, एवढ्यावर तो विचार उभा आहे.

पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींना नीळभट भांडारेकार हा शिष्य मिळाला, तो याच भंडाऱ्याचा. महानुभावांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. देवता पुष्कळ असतात, त्या आपापल्या मर्यादेत फळही देतात, पण मोक्ष देणारा परमेश्वर निराळा आणि एकच. आजही एकाच वर्गात बडादेवाला मानणाऱ्या गोंड घरातला मुलगा, विठ्ठलाची माळ घातलेल्या घरातली मुलगी, मशिदीत जाणारा मुलगा आणि बौद्ध घरातली मुलगी शेजारी शेजारी बसतात. तेव्हा ‘देव आहे का’ या प्रश्नावर ‘कोणता?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. उत्तराची सुरुवातच तिथून करावी लागते.

देवाविषयीची काही विधाने अशी असतात की ती खरी असतील तर जगात काहीतरी दिसायला हवे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली, ते या प्रकारातले विधान. त्याची परीक्षा घेणे सोपे होते. दुधात रंग मिसळला की दूध चमच्यातून निघून मूर्तीवरून खाली ओघळताना दिसे. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचा तो खेळ होता, आणि खडबडीत दगडाचा कुठलाही तुकडा तसे ‘दूध पितो’. याउलट, ‘सर्व सृष्टीच्या मुळाशी एक चैतन्य आहे’ या विधानाची परीक्षा घेता येत नाही. ते खरे असले काय आणि नसले काय, प्रयोगशाळेतला काटा सारखाच हलणार. अशा विधानाला विज्ञान खोटे म्हणत नाही आणि खरेही म्हणत नाही. देव नसल्याचे विज्ञानाने सिद्ध केले, असे काही उत्साही मंडळी सांगतात. आमच्या मते तेही हातात पुरावा असतो त्यापेक्षा जास्त बोलणे आहे.

गोंधळ होतो तो पहिल्या प्रकारचे विधान दुसऱ्या प्रकारच्या पांघरुणाखाली लपते तेव्हा. याचे धानपट्ट्यातले उदाहरण म्हणजे सर्पदंश. रोवणीच्या दिवसांत माणसे धानाच्या बांध्यांत वाकून काम करतात. तिथे बेडूक असतात, उंदीर असतात आणि त्यांच्या मागे सापही येतात. मण्यार तर रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखतही नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे.

साप चावल्यावर अजूनही काही जण आधी मांत्रिकाकडे जातात. त्यांना अडाणी म्हणून हसण्यापूर्वी त्यांचा अनुभव काय सांगतो ते पाहा. बहुसंख्य जातींचे साप बिनविषारी असतात. बांधीत नेहमी भेटणारी दिवड बिनविषारीच. विषारी सापसुद्धा प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे आलेल्या शंभर जणांपैकी समजा ऐंशी जणांना काहीही न करता बरे वाटणार होते. ते ऐंशी जण गावोगाव मंत्राचा गुण सांगतात. उरलेल्या वीस जणांबद्दल ‘उशिरा आणले’, ‘पथ्य मोडले’, ‘देवाचीच इच्छा’ असे म्हटले जाते. म्हणजे माणूस वाचला तर देवाने तारले आणि गेला तर देवाने नेले. काहीही घडले तरी विधान शाबूतच राहते! विधानाची ताकद दिसते ती इथे, पण त्याचा दोषही इथेच आहे.

दरम्यान शरीरात काय चालू असते? मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांवर हल्ला करते आणि स्नायूंना मिळणारे संदेश थांबवते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोड्यांना विषाच्या लहान लहान मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये म्हणजे आपले प्रतिविष. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते बनते. रक्तात फिरणारे विष ते निकामी करते, पण तंतूंच्या टोकांची झालेली हानी मागे फिरवू शकत नाही. म्हणून मंत्र ऐकण्यात गेलेले दोन तास पुढे कशानेही भरून येत नाहीत. रोग्याच्या मनात देव आहे की नाही याचे विषाला सोयरसुतक नसते.

मग प्रार्थना अगदीच वाया जाते का? हेही तपासून पाहिले गेले आहे. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणारे १,८०२ रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे पहिल्या दोन गटांना ठाऊक नव्हते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२ टक्के आणि ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के लोकांना नंतर काही ना काही त्रास झाला, म्हणजे फरक नाहीच. गंमत अशी की ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे’ असे ज्यांना सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. यावर भाविक म्हणेल की देव अशा परीक्षांना बसत नाही. हे म्हणणे मान्य करता येईल. मात्र मग नवसाने ताप उतरला हा दाखलाही त्याला पुराव्यात देता येणार नाही. परीक्षा नको असेल तर प्रशस्तिपत्रही मागू नये.

श्रद्धेने माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टी घडते असे आपण म्हणतो, ती नेमकी कुठे? आम्हाला वाटते, देव आहे की नाही यावर ती तितकीशी अवलंबून नाही. संकट आल्यावर माणूस कारण कुठे शोधतो, यावर ती ठरते. आजाऱ्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणारा आणि बरे झाल्यावर नारळ फोडणारा भाविक, आणि देव न मानता ग्रहांच्या खड्याची अंगठी घालणारा पदवीधर, असे दोघेही आपल्या ओळखीत असतात. मुलांना उदाहरण द्यायचे तर या दोघांचे द्यावे.

कायद्याची भूमिकाही अशीच आहे. राज्यघटना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, आणि १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्यही ठरवते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कीर्तन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. पण साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे.

वर्गात हा विषय काढायचा तर सापशिडीचा फासा पुरतो. प्रत्येक मुलाला एकदा फासा टाकू द्यावा. १ ते ५ पडले तर साप चावलेला माणूस वाचला, ६ पडले तर गेला. फासा टाकण्यापूर्वी एका मुलाने मांत्रिक होऊन काहीतरी पुटपुटावे. साठ मुलांच्या वर्गात पन्नासच्या आसपास ‘गुण’ येतो आणि मांत्रिकाला टाळ्या पडतात. मग मंत्राचा उपयोग झाला का, असे विचारावे आणि थांबावे. अर्ध्या वर्गाने मंत्राशिवाय फासा टाकून पाहायला हवा होता, हे कोणीतरी मूल म्हणेपर्यंत आपण काही बोलू नये.